मोटर चाकात, मग सात गिअर कशाला?

प्रश्न : मी सिंदेवाही तालुक्यात ग्रामीण डाक सेवक आहे. टपालाची पिशवी घेऊन रोज पंचवीसएक किलोमीटर सायकल होते. निम्मा रस्ता डांबरी, निम्मा मुरमाचा, मधे जंगलाचा पट्टा. चंद्रपूरला दुकानात दोन ई-सायकली पाहिल्या. दोन्हींची मोटर २५० वॅटची आणि मागच्या चाकात. बॅटरीही सारखीच, ३६ व्होल्ट, ७.६५ अँपिअर-अवर. एकीला गिअर नाहीत, किंमत २९ हजार. दुसरीला सात गिअर, किंमत ३८ हजार. मोटर थेट चाकच फिरवत असेल, तर चेनवरच्या सात गिअरांचा तिला उपयोग काय? नऊ हजार जास्तीचे द्यावेत का?
– एक वाचक, सिंदेवाही

उत्तर : तुमचा तर्क बरोबर आहे. त्या सात गिअरांचा मोटरला थेट काहीही उपयोग नाही. तरीही तुमच्या रस्त्यासाठी गिअरवालीच घ्या, असे मी म्हणेन. ते गिअर तुमच्या पायांसाठी आहेत, आणि जंगलातल्या रस्त्यावर ई-सायकलची खरी परीक्षा मोटर बंद पडल्यावरच होते.

तुम्ही पाहिलेल्या सायकलीत ताकद चाकापर्यंत दोन वाटांनी येते. एक वाट तुमच्या पायांची : पायडल, पुढची दातेरी चकती, चेन, मागचे फ्रीव्हील, चाक. दुसरी मोटरची : बॅटरी, कंट्रोलर, हबमधली (चाकाच्या मध्यातली) मोटर, चाक. या दोन वाटा मागच्या चाकातच एकत्र येतात, त्याआधी कुठेही नाही. म्हणून तुम्ही पहिल्या गिअरात असा की सातव्या, मोटरला त्याचा पत्ताही नसतो.

मोटरचा गिअर वेगळा असतो आणि तो हबच्या आत असतो. २७.५ इंची चाक ताशी २५ किलोमीटर वेगाला मिनिटाला सुमारे १९५ फेरे घेते. एवढ्या मंद फिरण्यात लहान मोटर नीट काम देत नाही. म्हणून हबच्या आत मोटर चाकाच्या साधारण चार-पाच पट वेगाने फिरते आणि छोट्या, बहुधा नायलॉनच्या, दातेरी चाकांमधून तो वेग उतरवून चाकाला दिला जातो. हे प्रमाण कायमचे ठरलेले असते, चढ आला म्हणून बदलत नाही.

मोटर चाकात बसवण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील ऑग्डेन बोल्टन याला मागच्या चाकात मोटर असलेल्या सायकलचे पेटंट ३१ डिसेंबर १८९५ रोजी मिळाले. पायडलवर पडणारा जोर मोजून तेवढीच मदत करणारी सायकल मात्र यामाहाने जपानमध्ये १९९३ साली बाजारात आणली. तिच्या मोटरची ताकद पायडलजवळ, चेनच्या आधीच मिसळते. अशा सायकलीत मोटरलाही गिअर वापरता येतात, म्हणून ती चढाला सरस ठरते. पण ती महाग असते, आणि माणसाचा व मोटरचा दोघांचा जोर एकाच चेनवर पडल्याने चेन लवकर झिजते. तीस-चाळीस हजारांच्या सायकली बहुतेक मागच्या हबमधल्या मोटरच्याच मिळतात. या किमतीत ते वाईट नाही. चेन तुटली तरी मोटर तुम्हाला घरी आणते, आणि मोटर बसली तरी चेन आणते.

पायांचा हिशेब

तुमचे, सायकलचे आणि पिशवीचे मिळून वजन १०० किलो धरू. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी १८ किलोमीटरने जायला साधारण ८५ वॅट लागतात. रोज सायकल चालवणारा माणूस तेवढी ताकद बराच वेळ देऊ शकतो. आता चार टक्के चढ घ्या, म्हणजे १०० मीटरमागे चार मीटर उंची. त्याच ८५ वॅटमध्ये तुमचा वेग ताशी सहा किलोमीटरवर येतो.

बिनगिअरच्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सव्वापाच मीटर पुढे जाते. ताशी सहा किलोमीटर म्हणजे मिनिटाला १०० मीटर. म्हणजे पायडल मिनिटाला जेमतेम १९ वेळा फिरेल. एवढ्या मंद लयीत पायडल दाबत राहणे गुडघ्यांना झेपत नाही, माणूस उतरून चालायला लागतो. गिअरच्या सायकलीला पुढे ४२ आणि मागे १४ ते २८ दाते असतील, तर सर्वात हलक्या गिअरात एका फेऱ्यात ती सव्वातीन मीटरच जाते. पायडल मिनिटाला ३१ वेळा फिरते. जोर लागतो, पण तुम्ही सीटवरच राहता. ही सायकल बॅटरीसकट २२ ते २८ किलोंची असते, हेही लक्षात घ्या. बंद पडल्यावर ती ढकलणे हलके काम नाही.

गिअरांचा मोटरला एक अप्रत्यक्ष फायदाही होतो. मुरमात किंवा चढावर वेग निम्म्यावर आला की मोटरचे फेरेही निम्म्यावर येतात, ती जास्त करंट ओढते आणि त्यातला मोठा भाग उष्णतेत जातो. करंट दुप्पट झाला की तारांमधली उष्णता चौपट होते. बंद हबमधून ती लवकर बाहेर पडत नाही, आणि चंद्रपुरात मे महिन्यात बाहेरचीच हवा अनेकदा ४५ अंशांच्या पुढे जाते. अशा वेळी हलका गिअर टाकून तुम्ही पायांनी वेग टिकवलात, तर मोटर तिच्या सोयीच्या वेगात राहते. नुसता थ्रॉटल पिळून चढ चढण्याची सवय या सायकलींना मारक आहे.

जाहिरातीतली ‘५० किलोमीटर रेंज’ कशी तपासायची

व्होल्टला अँपिअर-अवरने गुणा. ३६ गुणिले ७.६५ म्हणजे सुमारे २७५ वॅट-अवर. त्यातले २५० हाताशी धरा. फक्त थ्रॉटलवर, खराब रस्त्यावर, ओझ्यासकट किलोमीटरला १२ ते १४ वॅट-अवर सहज जातात, म्हणजे १८ ते २० किलोमीटर. पायडल मारत, मधल्या मदतीवर सात-आठ वॅट-अवर लागतात, म्हणजे ३० ते ३५ किलोमीटर. तुमची रोजची फेरी पंचवीसची आहे. पायडल मारत राहिलात तर ही बॅटरी पुरेल, नुसत्या थ्रॉटलवर नाही. बॅटरी जुनी होईल तशी तिची क्षमता उतरते, म्हणून आज पाच-सात किलोमीटर शिल्लक राहतील एवढा हिशेब ठेवूनच खरेदी करा. नवी बॅटरी सायकलच्या किमतीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात जाते. ती कितीला आणि कुठे मिळेल, हे खरेदीच्या पावतीबरोबर लिहून घ्या.

दुकानात करायच्या चाचण्या

पहिली : बॅटरी बंद करा, मागचे चाक उचला आणि हाताने पुढे फिरवा. ते मोकळे फिरले पाहिजे. मग उलटे फिरवा. आतून दातेरी चाकांची घरघर आणि थोडा अडथळा जाणवला, तर हबमध्ये एकेरी क्लच आहे आणि बॅटरी संपल्यावर मोटर तुम्हाला मागे ओढणार नाही. दोन्ही बाजूंना सारखाच जडपणा लागत असेल, तर ती बिनगिअरची थेट मोटर असू शकते आणि बंद अवस्थेत ती पायांवर भार टाकते.

दुसरी : चाक उचललेलेच ठेवून थ्रॉटल हलकेच पिळा आणि ब्रेकचा लिव्हर दाबा. मोटरचा पुरवठा त्याच क्षणी तुटला पाहिजे. दोन्ही ब्रेकवर वेगवेगळे करून पाहा. यात ढिलाई दिसली तर ती सायकल घेऊ नका.

तिसरी : पायडलचा सेन्सर. या किमतीत बहुधा पायडल फिरते आहे की नाही, एवढेच ओळखणारा सेन्सर असतो. क्रँकजवळ चुंबकांची एक चकती असते. चुंबक जितके जास्त, तितकी मोटर लवकर जागी होते. कमी चुंबक असतील तर अर्धा फेरा होईपर्यंत काही घडत नाही आणि मग एकदम धक्का बसतो. रोवणीच्या दिवसांत बांधावरच्या चिखलात हा धक्का चाक घसरवतो. पायडलवरचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर याच किमतीत मिळत असेल, तर एखादा गिअर कमी असला तरी तीच सायकल निवडा.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची : बॅटरी काढून ठेवा, कॅरिअरवर तुमच्या पिशवीएवढे ओझे बांधा आणि दोन किलोमीटर चालवा. त्यात एखादा चढ हवाच. उड्डाणपूल असेल, किंवा मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर चढणारी वाट. ज्या सायकलवर हे दोन किलोमीटर नकोसे होतील, ती तुमच्या कामाची नाही, मग तिची रेंज कितीही सांगोत.

गावात दुरुस्ती होईल का

गिअरवाली घेताना दोन जागा निरखून पाहा. चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा मागचा डिरेलर चाकाशेजारी खाली लोंबतो आणि पांदण रस्त्यावरच्या काटक्या नेमक्या त्यात अडकतात. तो ज्या पट्टीवर बसतो ती वेगळी, स्क्रूने लावलेली आणि बदलता येणारी आहे का, ते बघा. फ्रेमचाच भाग असेल आणि वाकला, तर दुरुस्ती अवघड होते. दुसरी जागा आसाचा नट. हबमोटरचा आस फिरू नये म्हणून त्याला दोन बाजूंनी सपाट केलेले असते आणि खाचेत बसणारे खास वॉशर लागतात. पंक्चर काढताना ते उलटे बसले किंवा हरवले, तर मोटरच्या जोराने आसच फिरतो आणि वायर पिळवटून तुटते.

पंक्चर मात्र चाक न काढताही निघते. टायरची एक बाजू सोडवायची, ट्यूब बाहेर ओढायची, बाभळीचा काटा शोधायचा, पॅच लावायचा. आपल्याकडचे सायकलवाले ट्यूब पूर्ण न काढता नेहमीच असे करतात. चाक काढायची वेळ आलीच, तर मोटरच्या वायरचा कनेक्टर आधी सरळ ओढून सोडवावा आणि जोडताना बाणाच्या खुणा जुळवाव्यात. पिळून काढू नये.

चेनची झीज साध्या फूटपट्टीने कळते. चेनच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते, म्हणून नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंचांत बसतात. त्याच २४ कड्या बारा इंच आणि एक सोळांश भरल्या की चेन बदला. बारा इंच आणि एक अष्टमांशापर्यंत थांबलात, तर फ्रीव्हीलचे दातेही खलास होतात आणि खर्च वाढतो. मुरमाची धूळ तेलात मिसळून कानशीसारखी काम करते. म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला चेन पुसा, थोडेच तेल घाला, जास्तीचे फडक्याने टिपून घ्या.

अंधाराचा हिशेब

सिंदेवाही ब्रह्मपुरी वनविभागात येते आणि ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरही या भागात वाघांचा वावर मोठा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राच्या परिसरात काम संपवून सायकलने घरी परतणाऱ्या कामगाराचा वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वडसा वनविभागात माणसांवर हल्ले करणारा सीटी-१ हा वाघ जेरबंद करावा लागला. सायकलस्वार वाकून, एकटा आणि आवाज न करता जातो. ई-सायकल वेगवान असली तरी तेवढीच शांत असते. म्हणून सूर्य उगवल्यावर निघणे, मावळायच्या आत पोहोचणे आणि जंगलाच्या पट्ट्यात घंटी वाजवत, सोबतीने जाणे, हे नियम मोटर आली म्हणून सैल करू नका.

या सायकलींचा हेडलाइट बहुधा मुख्य बॅटरीवरच चालतो. बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की तिचे संरक्षक सर्किट सगळा पुरवठा तोडते आणि मोटरबरोबर दिवाही जातो. म्हणून वेगळ्या सेलवर चालणारी टॉर्च हँडलला बांधलेलीच हवी.

तर नऊ हजारांचे उत्तर असे : सपाट शहरी रस्ता असता, तर २९ हजारांची साधी सायकल घ्या असे मी सांगितले असते. तिच्यात बिघडायला भाग कमी असतात. तुमच्या वाटेवर ओझे आहे, मुरूम आहे आणि अंधाराच्या आत घरी पोहोचायचे आहे. गिअरवाली सायकल वरच्या चारही चाचण्यांत उतरली आणि सिंदेवाहीत किंवा मूल गावी तिची दुरुस्ती करणारा माणूस असला, तर ते नऊ हजार योग्य जागी जातात. यातले एक जरी नसेल, तर थांबा आणि दुसरी सायकल पाहा.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, सेटिंग बदलून सायकल ताशी ३५ ने पळवता येते. करून घ्यावे का? – एक वाचक, चामोर्शी

उत्तर : नाही. मोटर पाव किलोवॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, या मर्यादेत केंद्रीय मोटार वाहन नियम अशा सायकलला मोटार वाहन मानत नाहीत, म्हणून तिला नोंदणी, विमा आणि परवाना लागत नाही. मर्यादा ओलांडली की तुम्ही बिननोंदणीचे, बिनविम्याचे वाहन चालवता, आणि अपघात झाला तर भरपाईचा सगळा भार तुमच्यावर येतो. शिवाय या सायकलींचे ब्रेक, टायर आणि चाकाच्या तारा २५ च्या हिशेबाने बसवलेल्या असतात. चामोर्शी–आष्टी–आलापल्लीच्या बाजूला खनिजाचे जड ट्रक चालतात. तिथे तुम्हाला भक्कम ब्रेकची गरज आहे, जास्तीच्या दहा किलोमीटर वेगाची नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात बॅटरी कशी जपावी? – एक वाचक, बल्लारपूर

उत्तर : लिथियम बॅटरीचे सेल ४५ अंशांपेक्षा तापलेले असताना चार्ज करू नयेत. मे महिन्यात दुपारी उन्हातून आल्याबरोबर चार्जर लावणे म्हणजे तिचे आयुष्य कमी करणे. सावलीत तास-दीड तास निवू द्या, जमल्यास रात्री उशिरा किंवा पहाटे चार्ज करा. टिनाच्या छपराखाली ठेवू नका. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात दिवसभर ठेवणे सगळ्यात वाईट. रोजचा पल्ला कमी असेल, तर ऐंशी टक्क्यांवरच थांबवा. फुगलेली, रॉकेलसारखा किंवा गोडसर वास येणारी, किंवा खाली आपटलेली बॅटरी घरात चार्ज करू नये.

पावसाळ्याचाही नियम सांगून ठेवतो. हबमोटरचा खालचा भाग जमिनीपासून सुमारे २५ सेंटिमीटरवर असतो, तेवढे पाणी आले की ते मोटरच्या जोडांना लागते. पण मोटर वाचवण्याचा विचार नंतरचा. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण पाहत आलो आहोत. वाहते पाणी असलेला रपटा कोणत्याही सायकलने ओलांडू नये.

प्रश्न : माझ्या मुलीला मानव विकास मिशनमधून सायकल मिळाली आहे. तिला मोटरचे किट बसवावे का? शाळा चार किलोमीटर आहे. – एक वाचक, धानोरा

उत्तर : बसवू नका. त्या सायकलचे ब्रेक आणि फ्रेम पायांच्या वेगासाठी आहेत. किट आणि बॅटरीचे सहा-सात किलो त्यावर चढवले आणि ब्रेक तेच ठेवले, तर धोका वाढतो. सुटे सेल जोडून बनवलेल्या स्वस्त बॅटरीत आगीचाही धोका असतो. चार किलोमीटरला मोटरची गरजच नाही. पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता आहे.

ते पैसे आहे त्याच सायकलवर थोडे थोडे खर्च करा. नवे ब्रेकचे रबर, चांगले टायर, चेन, चाकाचा आउट काढून घेणे, मागे लाल रिफ्लेक्टर, पुढे दिवा. गावच्या सातआठ मुली एकत्र जात असतील, तर सगळ्यांच्या सायकली एकाच दिवशी गावात दुरुस्त करून घ्या आणि जाण्या-येण्याची वेळ एक ठरवा. शाळा लांब असेल तर मिशनच्या मुलींसाठीच्या निळ्या बसची मागणी ग्रामसभेत नोंदवा. कोणत्याही गॅझेटपेक्षा सोबत आणि नीट चालणारा ब्रेक तिला शाळेत टिकवून ठेवेल. पुढे कॉलेज पंधरा किलोमीटरवर गेले, की तेव्हा गिअरवाल्या ई-सायकलचा विचार करा, आणि बॅटरीशिवायची ती दोन किलोमीटरची चाचणी तिलाच करू द्या.